लॉरीच्या नावातले आकडे



ऊसतोडणीचा हंगाम, म्हणजे आपली 'कूप', आली की बेटाच्या रस्त्यांवर लॉऱ्यांच्या रांगा लागतात. आपल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी लॉरीवर पोट भरतो. म्हणून आज या कष्टाळू वाहनाविषयी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला लॉऱ्या बांधायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला, पण काम थांबले नाही. पुढे आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातही, पुण्याला, त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. त्यांच्या मध्यम वजनाच्या लॉरीचे एक नाव होते '१२१०'. त्यातले १२ म्हणजे सुमारे बारा टन वजन आणि १० म्हणजे सुमारे शंभर अश्वशक्ती. १९८६ साली आलेल्या लहान '४०७' चे नावही याच रीतीचे.

इथेच पुष्कळांची चूक होते. बारा टन हे मालाचे वजन नव्हे. लॉरी, तिचा सांगाडा, माणसे, डिझेल आणि माल या सर्वांचे मिळून ते वजन आहे. रिकामी लॉरी साडेचार टन भरली, तर माल साडेसात टनच घालावा.

कोणी म्हणेल, "माझी लॉरी दहा टन घेऊन चढ चढते, मग काय बिघडले?" चढते हे खरे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. अशा इंजिनाला कमी फेऱ्यांतही चांगला जोर असतो. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ते जादा ओझेही ओढते. पण लॉरीची खरी परीक्षा चढावर नाही, उतारावर असते.

क्युरपीप समुद्रापासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तिथून बारा टनांची लॉरी किनाऱ्यावर उतरते, तेव्हा जी शक्ती आवरावी लागते तिने २०० लिटर पाणी, म्हणजे डिझेलचे एक पिंपभर पाणी, उकळीला येईल! त्यातली थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची इंजिनाने आवरली नाही तर ती सारी उष्णता ब्रेकच्या ड्रमांत जाते. ड्रम तापून फुगतात, अस्तराची पकड सुटते, आणि पाय कितीही दाबला तरी लॉरी थांबत नाही. बाराच्या जागी पंधरा टन केले की ही उष्णता पावपटीने वाढते.

३ मे २०१३ रोजी सोरेझच्या उतारावर बस उलटून १० जण प्राणास मुकले, ते आपण विसरलेलो नाही. उतारावर ब्रेक गेले की काय होते, ते त्या दिवशी साऱ्या बेटाने पाहिले.

उपाय जुनाच आहे. ज्या गियरने चढ चढाल, त्याच गियरने उतरा. गियर उताराच्या आधीच टाका. मध्येच बदलू गेलात आणि तो बसला नाही, तर लॉरी मोकळी सुटते. निकासनळीचा ब्रेक असेल तर तो वापरा. तो धूर जाण्याची वाट अडवून इंजिनाकरवी लॉरीला रोखतो, पण गियर पडलेला असेल तरच. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका.

१९७० च्या दशकात बेटावर साखरेचे वीसांहून अधिक कारखाने होते. आज ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, म्हणून ऊस दूरवर न्यावा लागतो. एक फेरी वाचवावी हा मोह आम्ही समजतो. पण मालकबंधूंनो, जादा ओझे तुम्ही लादता, आणि उतारावर ते दुसऱ्याचा मुलगा सांभाळतो. कूप सुरू होण्याआधी लॉरीवरची वजनाची पट्टी एकदा वाचा, आणि चालकालाही वाचून दाखवा.