प्लोटायनसचं ‘एक’

अलेक्झांड्रियात अमोनियस सक्कास या गुरूपाशी ११ वर्षं काढल्यावर तत्त्वज्ञ प्लोटायनसला इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ लागली. म्हणून इ.स. २४३ मध्ये तो रोमन सम्राट गॉर्डियनच्या इराणवरच्या स्वारीत सामील झाला. सम्राटच मारला गेला. हा कसाबसा जीव वाचवून रोमला पोचला आणि शिकवू लागला. भारत राहिलाच!

आपण प्लेटोच उलगडून सांगतोय, अशी त्याची धारणा. पण मांडणी त्याची स्वतःची. सगळ्याच्या मुळाशी वर्णनापलीकडचं ‘एक’. सूर्यातून प्रकाश पसरावा तसं त्यातून बुद्धितत्त्व, त्यातून आत्मतत्त्व, मग हे दृश्य जग. मुळातलं काहीच घटत नाही. माणसाने अंतर्मुख होऊन उलट वाटेने परतायचं.

शिष्य पॉर्फिरीने पुढे त्याचे लेख नऊ-नऊच्या सहा गटांत बसवले. ५४ चा हिशेब जमावा म्हणून काही लेख चक्क तोडले!