विश्लेषण : शब्द मिर्झाराजांचा, मर्जी बादशहाची! पुरंदरच्या तहामागचे जयसिंह कोण होते?

पुरंदरचा तह म्हटला की मिर्झाराजे जयसिंह हे नाव हमखास येते. पण तहाआधीचे आणि नंतरचे जयसिंह आपल्याला फारसे माहीत नसतात. तीन मुघल बादशहांच्या चाकरीत हयात घालवलेल्या या राजाने दिलेला शब्द अखेर त्यालाच का पाळता आला नाही?

जयपूर वसवणारे जयसिंह हेच का?

नाही. जयपूर वसवणारे आणि जंतरमंतर बांधणारे सवाई जयसिंह नंतरच्या पिढीतले. मिर्झाराजे हे आमेरचे कछवाहा राजे, अकबराचे सेनापती मानसिंह यांचे पणतू. १६२१ मध्ये, जेमतेम दहाव्या वर्षी ते गादीवर आले. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर जहांगीर होता. ‘मिर्झाराजा’ हा किताब त्यांना शाहजहानने दिला. ताजमहाल उभा असलेली आग्र्यातली जागाही त्यांचीच होती. तिच्या बदल्यात शाहजहानने त्यांना चार हवेल्या दिल्याचे फर्मान १६३३ मधील आहे. ‘सतसई’कार कवी बिहारी त्यांच्याच आश्रयाला होते.

राजा असूनही चाकरी कशी?

आमेर हे जयसिंहांचे वतन. तिथला कारभार घराण्याकडेच राही, पण वारसाला मान्यता बादशहाची लागे. शिवाय राजा हा मुघलांचा मनसबदार असे. मनसबीत दोन आकडे असत. ‘जात’वरून दर्जा आणि पगार ठरे, तर ‘सवार’वरून किती घोडेस्वार बाळगायचे ते. जयसिंह चढत चढत सात हजारी झाले. शाहजहानच्या मुलांमधल्या वारसायुद्धात ते आधी दाराच्या बाजूने लढले. पारडे फिरताच त्यांनी औरंगजेबाचा पक्ष धरला.

पुरंदरला काय ठरले?

१६६५ मध्ये औरंगजेबाने त्यांना दिलेरखानासह दख्खनेत धाडले. पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. जूनमध्ये शिवाजी महाराज स्वतः जयसिंहांच्या छावणीत आले. तहानुसार ४ लाख होन उत्पन्नाचे २३ किल्ले मुघलांकडे गेले. १ लाख होन उत्पन्नाचे १२ किल्ले महाराजांकडे राहिले. संभाजीराजांना पाच हजारी मनसब ठरली, महाराजांना मात्र मनसबीतून सूट मिळाली. पुढे विजापूरवरची मोहीम फसली. त्यानंतर जयसिंहांनी महाराजांना आग्र्याला जाण्यास राजी केले आणि त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला.

शब्द कुठे अडला?

आग्र्यात महाराजांची जबाबदारी जयसिंहांचे पुत्र कुंवर रामसिंह यांच्यावर होती. १२ मे १६६६ रोजी दरबारात महाराजांना पाच हजारी सरदारांच्या रांगेत उभे केले गेले. त्यांनी तिथेच संताप व्यक्त केला आणि लवकरच ते नजरकैदेत अडकले. महाराजांच्या जिवावर बेतण्याची चिन्हे दिसताच, आधी मला मारा, अशी भूमिका रामसिंहांनी घेतली आणि महाराजांसाठी जामीन राहिले. तुम्ही नेमका काय शब्द दिला होता, अशी विचारणा औरंगजेबाने जयसिंहांकडे केली. पेच इथेच होता. शब्द राजपुताचा होता, पण तो पाळायचा की नाही हे बादशहा ठरवणार होता.

१७ ऑगस्टला महाराज निसटले आणि संशय रामसिंहांवर आला. त्यांना दरबारबंदी झाली, मनसबीत कपात झाली.

मग जयसिंहांची बाजू कोणती?

याचे उत्तर त्यांच्याच पत्रांत आहे. मुन्शी उदयराज यांनी लिहिलेली ही फारसी पत्रे ‘हफ्त अंजुमन’ नावाने जमवलेली आहेत. सुटकेनंतर वजीर जाफरखानाला पाठवलेल्या पत्रात जयसिंहांनी एक डाव सुचवला. आपल्या मुलासाठी महाराजांच्या मुलीला मागणी घालायची, त्या निमित्ताने महाराजांना बाहेर काढायचे आणि वाटेत संपवायचे. वर्षभरापूर्वी सुरक्षिततेचा शब्द देणाऱ्या माणसाचेच हे पत्र. मुलगा आणि घराण्याची मनसब वाचवायला निष्ठा सिद्ध करणे भाग होते, हे ओळखले की त्यामागची धडपड कळते. त्याने डावाचे समर्थन मात्र होत नाही.

शेवट कसा झाला?

१६६७ मध्ये दख्खनची सुभेदारी शहजादा मुअज्जमकडे गेली. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी बुऱ्हाणपूरला जयसिंहांचा मृत्यू झाला. विषप्रयोगाची चर्चा तेव्हापासून आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. रामसिंहांना आमेरची गादी मिळाली खरी, पण लगोलग आसामच्या मोहिमेवर जावे लागले. तिथे १६७१ मध्ये सराईघाटला लाचित बरफुकन यांनी त्यांचा पराभव केला.

आणि महाराज? तहात गेलेले किल्ले त्यांनी १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केली. ज्या तहाने मिर्झाराजांच्या कारकिर्दीवर कळस चढला होता, तो पाच वर्षेही टिकला नाही. बुऱ्हाणपूरजवळ ‘राजा की छत्री’ आजही उभी आहे. जन्मभर बादशहाची चाकरी केलेल्या या राजाची आठवण म्हणून ती ओळखली जाते.