ओळख कोणी द्यावी?

कतारचे नागरिकत्व सहसा मिळत नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे तेथे सलग २५ वर्षे राहावे लागते, अरबी यावी लागते, नाव चांगले असावे लागते. करारावर दोहाला गेलेल्या आपल्या मुलांना हे दार बंदच म्हणायचे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना मात्र २०१० साली ते आपणहून दिले गेले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून त्यांना भारतीय पासपोर्ट परत करावा लागला.

दोहाहून पुढे विलायतेत स्थायिक होणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे नागरिकत्वाच्या अर्जावर दोघांनी ओळख द्यायची असते. एक कोणत्याही देशाचा चालतो, पण शिक्षक किंवा डॉक्टर अशा पेशाचा हवा. दुसरा साधारणपणे ब्रिटिश पासपोर्टवाला, आणि तसा पेशा नसेल तर पंचविशीपुढचा. दोघांची ओळख निदान ३ वर्षांची हवी. काका, मेहुणा चालत नाही. अर्ज भरून देणारा वकीलही नाही. ते दोघे एकमेकांचेही नातलग नसावेत.

आपल्या लोकांना मोठ्या माणसाचे नाव घालायची हौस फार! गणेश चतुर्थीला वर्षातून एकदा हात जोडणारे पुढारी तुमच्याविषयी काय सांगणार? त्यापेक्षा मुलांना शिकवलेली बाई बरी. दोहात माणसे करार संपला की पांगतात, तेव्हा अशांचे पत्ते आताच लिहून ठेवावेत. आणि नाव घालण्याआधी त्यांना विचारावे.