न ऐकणारा साथीदार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमाराला दोन मोबाईल वाजायला लागतात. एक माझा. त्यात तंबोरा आणि तीनतालाचा ठेका. दुसरा समोरच्या माडीवरच्या पोराचा. तो तबला शिकतो, म्हणून त्याच्या मोबाईलमधून पेटीवरचा लेहरा येतो. मी खोट्या तबल्यावर गातो, तो खोट्या पेटीवर वाजवतो, आणि आमच्या मधे बारा फुटांचा रस्ता. ही गंमत माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, यावरून माझे कान किती तयार झालेत ते समजावं.

लक्षात आल्यावर मात्र ती डोक्यातून जाईना. मग शोधत गेलो, तर कळलं की हा एकट्या कोल्हापूरचा मामला नाही. अमेरिकेतला जॅझ शिकणारा पोरगाही खोलीचं दार लावून असाच बसलेला असतो. त्याच्या मोबाईलमध्ये पियानो, बास आणि ड्रम्स असतात, हातात खरा सॅक्सोफोन. त्याच्या शेजारच्या इमारतीत एखादा बास वाजवणारा असेलच, पण त्याच्याही मोबाईलमध्ये पियानो आणि ड्रम्स असणार.

जॅझवाल्यांकडे ही सोय आपल्या आधी आली. इंडियानातल्या न्यू ऑल्बनी गावच्या जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या शिक्षकानं १९६७ साली पुस्तक आणि तबकडी अशी पहिली जोडी काढली. तबकडीवर फक्त साथ, मुख्य वाद्याची जागा मोकळी. ती शिकणाऱ्यानं भरायची. पुढे या मालेचे सव्वाशेच्या वर भाग निघाले. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. स्टिरिओच्या एका बाजूला बास आणि ड्रम्स, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम्स. बासवाल्यानं आपली बाजू बंद करायची, पियानोवाल्यानं आपली. एकाच तबकडीवर दोघांचाही रियाज व्हायचा, फक्त एकमेकांना वगळून.

आता तेच काम आयरियल प्रो नावाचं ॲप करतं. ते करणारा मास्सिमो बिओल्काती हा स्वतः बास वाजवतो. पडद्यावर चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोनात त्या ठिकाणच्या स्वरसंगतीचं नाव, आणि वाजत असलेला चौकोन उजळत पुढे सरकतो. लय हवी ती, पट्टी हवी ती. चाल मात्र त्यात नसते. ती तुम्हाला यायला हवी. जॅझमध्ये ज्यांना स्टँडर्ड म्हणतात ती मुळात बहुतेक नाटक-सिनेमातली गाणी, जेरोम कर्नचं १९३९ सालचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ त्यांतलंच. आपल्या नाट्यपदांनी मैफलीत जागा पटकावली तसाच प्रकार. पुष्कळशा स्टँडर्डचा साचा बत्तीस मोजपट्ट्यांचा, प्रत्येकीत चार मात्रा. म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर ते ४८ सेकंदांत संपतं आणि वादक पुन्हा पहिल्या चौकोनावर. तिथं सगळ्यांबरोबर पोचला नाहीत तर तुमची सम चुकली. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

आमच्याकडची सोय बंगळुरातून आली. जी. राज नारायण हे हिंदुस्थान एरोनॉटिक्समधले इंजिनिअर आणि बासरीवादक. १९७९ साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुढे आणला. त्यांच्या राडेल कंपनीच्या पेट्या पुढे गावोगावच्या गायनक्लासांत पोचल्या, मागोमाग ‘तालमाला’ हे तबल्याचं यंत्रही. आम्ही त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणायचो. ‘मशीन लाव रे’ म्हटलं की धुणं धुवायचं नाही हे घरातल्या पाहुण्यांना सांगावं लागे. मग मोबाईल आले आणि प्रसाद उपासनी यांच्या आयतबला प्रोसारख्या ॲपमध्ये तंबोरा, तबला, स्वरपेटी सगळं एका खिशात मावलं.

हे सगळं कोल्हापुरात चालावं यात एक गंमत आहे. शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचं हे गाव. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं मुरली. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले, तरी त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ इथंच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले, इथल्याच धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या. आणि ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९४६ साली ते गेले, तोवर ग्रामोफोन घराघरात पोचला होता. त्यांचा आवाज मात्र तबकडीवर चढला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी तबकड्या दिल्या त्याही हात राखून, आणि त्यांतलीच एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली! यंत्राशी या घराण्याचं नातं असं आहे. त्याच गायकीतले चार स्वर मी मोबाईल समोर ठेवून घोटत बसतो.

आता तक्रारीकडे येतो, पण आधी मशीनच्या बाजूनं बोलायला हवं, कारण त्याला शिव्या देणं फार सोपं आहे. यंत्रावरचा राग आपल्याकडे जुना आहे. पेटीलाच आकाशवाणीनं १९४० साली दाराबाहेर ठेवलं, ते १९७१ पर्यंत. स्वर ठरलेले, मींड निघत नाही, हा तिच्यावरचा आरोप. इकडे कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी त्याच पेटीवर भास्करबुवा बखल्यांची साथ केली होती आणि एकलवादनही गाजवलं होतं. समोरच्या पोराच्या मोबाईलमधला लेहरा पेटीचाच आहे. कालची आरोपी आज पहाऱ्यावर बसली आहे.

मशीनचा खरा गुण म्हणजे त्याला कंटाळा येत नाही. तीनतालाची लय मिनिटाला ४८ मात्रा लावली की सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर वीस सेकंदांचं होतं, आणि अर्ध्या तासानंतरही वीसच सेकंदांचं राहतं. माझी लय मात्र तान सुरू झाली की उतारावरच्या सायकलीसारखी पळते. हे मला मशीननंच दाखवलं. माणूस साथीला असता तर तो माझ्याबरोबर हळूच पुढे सरकला असता आणि मी खुशीत राहिलो असतो.

या घराण्याच्या गाण्याला तर मशीन एका परीनं जास्तच सोयीचं. जयपूरवाल्यांना ख्यालाच्या साथीत तबलजीची कलाकारी फारशी नको असते. सरळ, भरीव ठेका हवा. गायकीचं सगळं नक्षीकाम त्या ठेक्याला चिकटून चालतं. स्वर मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो, आणि तरी धागा न तुटता समेवर येतो. ज्याला फटीत स्वर ठेवायचा त्याला भिंत हलणारी चालत नाही. म्हणून मला वाटायचं, की या गायकीला हवा होता तो आदर्श तबलजी अखेर बंगळुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाकावर जन्मला.

पण सरळ ठेका आणि मेलेला ठेका यांत फरक आहे. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, तिथून बायाँचा आवाज थांबतो आणि ठेका हलका होतो. त्या हलकेपणावरूनच गाणाऱ्याला कळतं की आपण अर्ध्यावर आलो. चांगला तबलजी चौदाव्या मात्रेपाशी बायाँ परत आणतो तो थोडं वजन देऊन, घरी परतणाऱ्याला लांबून दिवा दाखवावा तसा. मशीनमध्येही खाली असते, बायाँ परत येतो, सगळं असतं. फक्त तो दिवा कोणासाठी लावायचा हे त्याला माहीत नसतं. मी समेजवळ आलोय की भरकटलोय, त्याचं वजन तेच.

शिवाय पडद्यावर मात्रेचा आकडा दिसतो. या आकड्यानं माझं जितकं नुकसान केलं तितकं बेसूर आवाजानंही केलं नाही. तेरा दिसला की मुखडा उचलायचा, अशी सवय लागली. डोळ्यांनी गायला लागलो. गाणं शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी एकदा काही न बोलता मोबाईल पालथा घातला आणि पुढच्या तिन्ही आवर्तनांत मी सम गमावली. जॅझवाल्याचा उजळणारा चौकोन हा याचाच सख्खा भाऊ. त्याचा साचाही कानात बसण्याऐवजी पडद्यावर बसत असणार, यात मला शंका नाही.

तंबोऱ्याची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त खुपते ती हीच. कोल्हापूरपासून मिरज पन्नासेक किलोमीटर. १८९१ साली सुरू झालेल्या आमच्या रेल्वेचं दुसरं टोक. तिथं हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि त्यांच्या गल्लीतून निघालेले तंबोरे देशभरच्या मैफलींत पोचले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं येतात, वाळतात, कापले जातात. पण तंबोऱ्याचा जीव असतो घोडीवर. तिचा माथा अगदी हलक्या उताराचा घासतात, त्याला जवारी काढणं म्हणतात; त्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून अशी जागा शोधायची की तार नुसती टणकन न वाजता गुंजत राहील. तंबोरा नीट लागला की कुणीही न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो.

तो लावण्यात पहिली पंधरा मिनिटं जायची. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा पिळायचं. तेव्हा ती कटकट वाटे. आज वाटतं, गाण्याचा पहिला धडा तोच होता आणि आपण तो बटण दाबून संपवला. ॲपमध्ये मी काळी एक निवडतो आणि तत्क्षणी सुरात असतो. सूर शोधला कुणी, तर कुणीच नाही. त्यातही एक फसवणूक आहे. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाईलच्या टिकलीएवढ्या स्पीकरला इतकं खालचं झेपतच नाही. त्यातून वरचे वरचे स्वरांश येतात आणि त्यांवरून खर्ज आपला मेंदू उभा करतो. म्हणजे ज्या पायावर मी षड्ज ठेवतो तो खोलीत नसतोच. चांगला स्पीकर जोडला की हा दोष निघतो, हे खरं. पण रोज संध्याकाळी स्पीकर जोडतं कोण?

आमच्या घरातला मिरजेचा तंबोरा या काळात कपाटावर गेला. गवसणीवर नातवंडांच्या शाळेच्या पिशव्या.

याच घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट संगीतवाल्यांना पाठ आहे. त्या सांगलीत राहत होत्या, अल्लादियाखाँसाहेब तिथं औषधपाण्यासाठी आले होते. रस्त्यानं जाता-येता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला, आणि एक दिवस ते जिना चढून आले, असं सांगतात. तालीम तिथून सुरू झाली. ही गोष्ट आपण गुरूच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. मला आता त्यात दुसरंच दिसतं. खिडकी उघडी होती. आवाज रस्त्यावर जात होता. आज ती मुलगी कानात बोंडकं घालून ॲपवर गात असती, तर खाँसाहेब खालून औषधाची पुडी घेऊन निघून गेले असते.

रियाज ही एकट्यानं करायची गोष्ट आहे हे मान्य. पण पूर्वीचा एकटेपणा गळका होता. क्लासमधला तबला शिकणारा पोरगा गाणाऱ्यांना तासन् तास ठेका देत बसायचा. त्याला कंटाळा यायचा, पण त्या कंटाळ्यात तो गाणं शिकायचा. कुठं भरायचं आणि कुठं गप्प बसायचं ते त्याला कळायचं. शिष्य गुरूमागे तंबोरा धरून बसायचा तेही तसंच. ॲपनं गाणाऱ्याला फुकटचा तबलजी दिला. त्याच फटक्यात तबलजीचं फुकटचं शिक्षण काढून घेतलं. मग त्या तबलजीला लेहरा देणारा पेटीवाला गेला. एबरसोल्डच्या तबकडीसारखं झालं: प्रत्येकानं आपली बाजू बंद केली आहे आणि उरलेला वाद्यवृंद यंत्राचा आहे.

जॅझमध्ये तर मला हे फारच विचित्र वाटतं. तिथं मुळात एकमेकांना ऐकून उत्तर देणं यालाच संगीत म्हणतात. गोव्याच्या आल्दोनाचे आंतोनियु झाविएर वाझ, म्हणजे मुंबईचे चिक चॉकलेट, यांचा ट्रंपेट ‘अलबेला’च्या गाण्यांत ऐकून पाहा. १९५१ सालचा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं. त्यात सगळे एका खोलीत, एका वेळी वाजवताहेत हे कानाला लगेच कळतं. कुणीतरी किंचित पुढे जातो आणि बाकीचे त्याला सामावून घेतात.

तर गेल्या महिन्यात मी रस्ता ओलांडला. आधी तंबोरा मिरजेला नेऊन जवारी काढून आणली होती. तो खांद्यावर घेऊन माडी चढलो तर पोरगं घाबरलंच.

“काका, आवाज लई व्हायला लागलाय काय माझा?”

“नाही रे. ठेका देशील का? सरळ. तीनताल.”

“सरळ म्हंजे नुस्ता ठेका? किती वेळ?”

“कंटाळा येईस्तोवर.”

तंबोरा लावायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्याच्या आईनं दोनदा डोकावून पाहिलं. मग त्यानं ठेका धरला, माझ्या सवयीपेक्षा जरा चढा. भूप सुरू केला. दोन आवर्तनं बरी गेली. तिसऱ्यात मी आलापात रमलो, मुखडा उशिरा उचलला आणि कळून चुकलं की सम जाणार. तोंड वर केलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं पंधराव्या मात्रेला काहीतरी केलं, जरा रेंगाळला की काय, आणि आम्ही दोघं एकदम समेवर पडलो.

“तू थांबलास,” मी म्हटलं.

“न्हाई वो काका. तुम्हीच पळालासा.”

चहा येईपर्यंत यावर वाद चालला. मग त्यानं मोबाईल काढला, लय मोजून दाखवतो म्हणाला. चार्जिंग संपलं होतं.