झड आत येते म्हणून खिडकी बंद

लोणावळ्यात गॅस गिझरची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या मेकॅनिकला जून लागला की उसंत नसते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि वारा घाटातून वर चढतो. झड आत येते म्हणून लोक बाथरूमच्या खिडकीला प्लॅस्टिक ठोकतात. त्याच पावसात लाइट जाते. विजेचा गिझर गार पडतो, एक्झॉस्ट फॅनही थांबतो. गॅस गिझर मात्र दोन सेलवर पेटतो. ज्या दिवशी सगळं घर त्याच्यावर आंघोळी उरकतं, त्याच दिवशी हवेचे सगळे रस्ते बुजलेले असतात.

गिऱ्हाइकांपुढे मी हिशेबच मांडतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 ते 13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला 6 लिटर गरम पाणी देणारा गिझर दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे दोनेक घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच मुळी साडेपाच घनमीटर. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि श्वास चालू असूनही माणूस आतून गुदमरतो. गिझर नवा आहे, चांगल्या कंपनीचा आहे, असं मला नेहमी ऐकवतात. पण हवा काही कंपनी देत नाही.

इथल्याच तुंगार्लीतल्या एका भाड्याच्या बंगल्यावर बोलावणं आलं होतं. केअरटेकर मावशी म्हणाल्या, "दादा, गिझर मधेच विझतो, सेल बदलून द्या." गिझर दिसायला नको म्हणून त्याला प्लायवूडचं कपाट केलेलं, कपाटाला दार, आणि वरच्या फळीवर टॉवेलांची चळत. दार उघडलं तर प्लायवूडची आतली बाजू काजळीनं काळी. पेटवून पाहिलं, निळी हवी ती ज्योत पिवळी, लांब, डुलणारी. म्हटलं, "मावशी, सेल ठीक आहेत. आधी हे कपाट काढा." शनिवारी तिथे आठ-दहा पाहुणे एकामागून एक आंघोळीला जातात, आणि त्यांना काही सांगणारं कोणी नसतं. मला सगळ्यात जास्त काळजी या पाहुण्यांची वाटते.

कार्बन मोनॉक्साइड अंगात गेला की डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पाय लटपटतात. पित्त झालं असेल, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून असेल, असं म्हणून लोक सोडून देतात. कोरोनानंतर घरोघरी आलेलं बोटाचं ऑक्सिमीटरही इथे फसतं: हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही, आकडा छान दाखवतं. अशा वेळी माणसाला आधी मोकळ्या हवेत काढायचं, मग थेट दवाखान्यात न्यायचं आणि गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना सांगायचं.

गिझरची खरी जागा बाथरूमबाहेर, मोकळ्या पॅसेजच्या किंवा बाल्कनीच्या भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याचा नळ. खर्च वाढतो तो चार-सहा फूट पाइपाचा. आजूबाजूला हात फिरेल एवढी मोकळीक आणि डोक्यावर काहीही नको, ना फळी, ना कपड्यांची दोरी. सध्या तो आतच असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच आंघोळीला बसा. हवेला खाली एक वाट आणि वर एक वाट लागते, दोन्ही कायमच्या उघड्या. झडीसाठी बाहेरून पत्र्याचा छज्जा लावा, पण जाळी बुजवू नका. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. बाहेरची हवा आत यायला जागाच नसेल तर तोही काय खेचणार? धुराची नळी असलेल्या गिझरचा धूर तर तो उलटा आत ओढू शकतो.

अमेरिकेत गॅसच्या भट्टीवर घरं तापवतात आणि अनेक राज्यांत घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्यानंच लावावा लागतो. बॅटरीवर चालणारा तसा अलार्म आपल्याकडेही मिळतो. भाड्यानं बंगला देणाऱ्यांनी तो लावलाच पाहिजे, असं मला वाटतं. बाथरूमच्या आत गिझर टांगून द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.