सोयींची यादी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत बिल्डरच्या माणसाने एक गुळगुळीत पुस्तिका वाटली. जुनी तीन मजली इमारत पाडून नवी बांधायची. तिच्यात मिळणाऱ्या सोयींची यादी शेवटच्या पानावर होती. लिफ्ट, व्यायामशाळा, गच्चीवर बाग वगैरे १७ कलमे. मास्तरकीची खोड, मी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि मग अर्थाकडे वळलो.

आम्ही विलेपार्ल्याला, पूर्वेच्या बाजूस राहतो. पूर्वी गाडी स्टेशनात शिरता शिरता बिस्किटांचा खरपूस वास सामोरा येई. १९२९ सालचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला. वास गेला तेव्हा कळले, तीही एक सोयच होती! डुलकी लागलेल्या प्रवाशाला ‘पार्ले आले’ हे तोच सांगत असे.

बाकीच्या सोयी पार्लेकरांनी स्वतःच केल्या. १९२० साली लोकमान्य गेले; पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची शाळा इथे निघाली. पु. ल. देशपांडे तिचेच विद्यार्थी. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. माणसांना एकत्र बसायला जागा लागते, हे त्या मंडळींना कुणी पुस्तिका छापून सांगितले नव्हते.

मग सही करू नये की काय? तसे म्हणण्याची माझी छाती नाही. जिन्यातला गिलावा पडतो आहे आणि दुसरा मजला चढताना आई तीनदा थांबते. पण आमच्या समोरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्या दाराची एक किल्ली बारा वर्षे आमच्या खुंटीवर आहे. दोनदा ती मध्यरात्री वापरावी लागली. नवी इमारत होईपर्यंत तीन वर्षे ज्याने त्याने भाड्याची जागा शोधायची. मग ही किल्ली कुठे टांगायची?

कागद घेऊन काकूंकडे गेलो आणि घुटमळलो. त्यांनी मात्र चष्मा लावून ठसठशीत सही केली.

“लिफ्ट हवीच रे. तुझ्या आईला किती दिवस जिने चढायला लावणार? फक्त जागा जवळजवळ बघ. किल्ली तुमच्याकडे नसली, तर मला झोप नाही यायची.”

यंदा फराळाच्या धांदलीत जागा पाहणे चालू आहे. दलाल विचारतो, “साहेब, सोयी काय काय हव्यात?”

“दोन जागा. एकाच मजल्यावर.”

आमच्या यादीत एवढे एकच कलम आहे.