एंजिनबदल, अभिजात मोटारगाड्यांतील

जुन्या व संग्राह्य मानल्या जाणाऱ्या मोटारगाडीतील मूळ एंजिन काढून त्याच्या जागी नंतरच्या काळातील, निराळ्या रचनेचे एंजिन बसविणे, यास एंजिनबदल म्हणतात. झिजलेल्या एंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे एंजिन बसविणे ही साधी दुरुस्ती होय. तिचा अंतर्भाव यात होत नाही. एंजिनबदलाने गाडीचा वेग, इंधनखर्च व विश्वसनीयता यांत सुधारणा होऊ शकते. परंतु गाडीचे वजन, तोल, आवाज व तिची ऐतिहासिक ओळख यांतही फरक पडतो. त्यामुळे हौशी मालक व संग्राहक यांच्यात या प्रथेविषयी तीव्र मतभेद आहेत.

इतिहास : ही प्रथा अभिजात मोटारींच्या छंदापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सामान्य किंमतीच्या गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे एंजिन दिले. ते ३.६ लिटर धारणेचे व ६५ अश्वशक्तीचे होते. मोडीतल्या गाड्यांतून अशी एंजिने स्वस्तात मिळू लागताच तरुणांनी ती फोर्डच्याच आधीच्या हलक्या गाड्यांत बसविली आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाच्या शर्यती लावल्या. १९५५ मध्ये शेव्हरोले कंपनीचे ४.३ लिटर धारणेचे आटोपशीर व्ही-८ एंजिन आले आणि फोर्डचे जुने एंजिन या क्षेत्रातून मागे पडले. त्याच कंपनीसमूहाचे १९९७ साली आलेले ५.७ लिटरचे ॲल्युमिनियमचे एलएस-१ एंजिन व त्याचे पुढील प्रकार यांना आज हे स्थान आहे. या एंजिनात झडपा चालविणारा एकच कॅमदंड सिलिंडरांच्या दोन ओळींमधील खोबणीत असतो. त्यामुळे माथ्यावर कॅमदंड असलेल्या तितक्याच धारणेच्या एंजिनापेक्षा ते अरुंद व बुटके असते व जुन्या गाडीच्या अपुऱ्या जागेत मावते. नव्या एंजिनाची निवड करताना शक्तीइतकाच विचार त्याच्या बाह्य मापांचा करावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

खुद्द कारखानदारांनीही हाच मार्ग वारंवार पत्करला आहे. इंग्लंडमधील एसी कंपनीची एस ही गाडी १९५३ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात मूळ १९१९ च्या अभिकल्पाचे सहा सिलिंडरी एंजिन होते. पुढे ब्रिस्टल कंपनीचे व त्यानंतर फोर्डचे २.६ लिटरचे एंजिन तिच्यात घालण्यात आले. १९६२ मध्ये अमेरिकन शर्यतपटू कॅरल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे ४.३ लिटरचे व्ही-८ एंजिन बसविले व कोब्रा ही गाडी जन्मास आली. पुढे १९६५ मध्ये ७ लिटरचे एंजिन देताना मात्र जुना सांगाडा पुरेना. जाड नळ्यांचा सांगाडा व नवे निलंबन तयार करावे लागले. सनबीम टायगर (१९६४–६७) ही गाडी अशीच चार सिलिंडरी अल्पाइन गाडीत फोर्डचे व्ही-८ एंजिन घालून बनविण्यात आली. तिच्यात एंजिन इतके दाटीवाटीने बसले होते की, शेवटच्या एका ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी चालकाच्या पुढील पडदीला रबरी बुचाने झाकलेले भोक ठेवावे लागले. तिच्या उत्पादक समूहाचा ताबा क्रायस्लर कंपनीकडे गेल्यावर प्रतिस्पर्ध्याचे एंजिन वापरणे अवघड झाले. क्रायस्लरच्या स्वतःच्या व्ही-८ एंजिनाचा विद्युत् वितरक मागील टोकास असल्याने ते या गाडीत मावत नव्हते, आणि गाडीचे उत्पादन थांबले.

एमजीबीचे उदाहरण : एंजिनबदलाचे यश कशावर अवलंबून असते, हे एमजीबी या ब्रिटिश गाडीवरून विशेष स्पष्ट होते. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या या गाडीत १,७९८ घ. सेंमी. धारणेचे, बिडाचे चार सिलिंडरी एंजिन असून त्याची शक्ती सु. ९५ अश्वशक्ती होती. कारखान्याने १९६७ मध्ये याच कवचात २,९१२ घ. सेंमी. धारणेचे सहा सिलिंडरी एंजिन घालून एमजीसी ही गाडी काढली. हे एंजिनही बिडाचे होते व जुन्यापेक्षा सु. ९५ किग्रॅ. जड होते. शक्ती वाढली, पण भार पुढील चाकांवर एकवटला. वळणावर गाडी सरळ पुढे जाऊ पाहते व सुकाणू जड लागते, अशी टीका झाली. दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, तिचे उत्पादन बंद झाले.

त्याच सुमारास केन कोस्टेलो यांनी खाजगी रीत्या एमजीबीत रोव्हर कंपनीचे ३,५२८ घ. सेंमी.चे व्ही-८ एंजिन बसविण्यास सुरुवात केली. हे एंजिन मुळात अमेरिकेच्या ब्यूइक गाडीसाठी १९६१ मध्ये आले होते व त्याचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले होते. त्याचा ठोकळा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे धारणा जवळजवळ दुप्पट असूनही त्याचे वजन जुन्या बिडाच्या एंजिनाच्या आसपासच राहिले व गाडीचा तोल बिघडला नाही. कोस्टेलो यांच्या गाड्यांत कार्ब्युरेटरांच्या उंचीमुळे एंजिनावरील झाकणास फुगवटा ठेवावा लागे. १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली, तेव्हा निराळी प्रवेश नलिका वापरून कार्ब्युरेटर मागे सरकविण्यात आले आणि मूळचे सपाट झाकण कायम राहिले. पीडन परिबल (भुजादंड फिरविणाऱ्या पिळाचे माप) सु. १४९ वरून सु. २६२ न्यूटन-मीटरपर्यंत वाढल्याने मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ करण्यात आले. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे फेरे कमी लागू लागले. १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या तयार झाल्या. एकाच कवचात दोन मोठी एंजिने घातली गेली आणि फलित परस्परविरुद्ध आले. एंजिन किती शक्तीचे आहे यापेक्षा ते किती जड आहे व तो भार कोठे पडतो, हे अधिक निर्णायक ठरते.

अलीकडे या गाडीत मझदा एमएक्स-५ या गाडीची चार सिलिंडरी एंजिनेही बसविली जातात. ती मूळ एंजिनापेक्षा हलकी असल्याने पुढील भार उलट कमी होतो.

तांत्रिक बाबी : नवे एंजिन जुन्या जागेत टेकविणे हा कामाचा लहान भाग असतो. एंजिन व दंतचक्र पेटी वेगवेगळ्या गाड्यांतील असल्यास त्यांच्यामध्ये जोडपट्ट घालावा लागतो. भुजादंड व पेटीत जाणारा दंड हे एकाच रेषेत, अत्यल्प फरकाने, असावे लागतात. नसल्यास धारवे व क्लच लवकर झिजतात. एंजिनाचे तेलपात्र पुढील आडव्या तुळईस व सुकाणूच्या यंत्रणेस अडते, म्हणून त्याचा आकार बदलावा लागतो. निष्कास नळ सुकाणूदंडाजवळून नेताना उष्णतेचा विचार करावा लागतो. जुना रेडिएटर दुप्पट शक्तीच्या एंजिनाची उष्णता बाहेर टाकू शकत नाही. एमजीबीसारख्या गाडीला वेगळा सांगाडा नसून पत्र्याचे कवचच सर्व भार पेलते. तेथे जागा करण्यासाठी पडदी किंवा चाकांवरील आतील पत्रा कापल्यास गाडीचे बळ कमी होऊ शकते.

इंधन व विद्युत् यंत्रणा यांत तर दोन युगांची गाठ घालावयाची असते. कार्ब्युरेटरला अत्यल्प दाबाने पेट्रोल पुरते. अंतःक्षेपण पद्धतीच्या एंजिनास मात्र सु. ३ बार इतका दाब लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा पंप, दाब सहन करणाऱ्या नळ्या व बहुधा टाकीकडे परत जाणारी नळी बसवावी लागते. इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाला भुजादंडाची स्थिती, हवेचे प्रमाण व निष्कासातील ऑक्सिजन यांची माहिती देणारे संवेदक लागतात. ज्या गाडीतून एंजिन घेतले तिच्या चोरीरोधक कुलपाचा संकेत न मिळाल्यास ते सुरूच होत नाही. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत व अनेक समकालीन ब्रिटिश गाड्यांत घट्टेमालेचे धन टोक गाडीच्या धातूस जोडलेले असे. नव्या उपकरणांना ऋण टोक जोडलेले लागत असल्याने ही जोडणी उलट करावी लागते. वेग वाढला की गतिरोधक, टायर, मागील आस व निलंबन यांचीही फेरतपासणी आवश्यक ठरते. हौशी कारागिरांकडून याच बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि येथे प्रश्न अभिरुचीचा न राहता प्राण वाचविण्याचा होतो.

शिसेविरहित पेट्रोल आल्यामुळे जुने एंजिन टाकून द्यावे लागते, हा समज खरा नाही. मूळ एंजिनातच झडपांची कठीण बैठकवलये बसवून ही अडचण दूर करता येते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने खराब होणाऱ्या रबरी नळ्या व वेष्टनेही बदलता येतात.

चाहत्यांची मते : मूळ स्वरूपाचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकांच्या मते एंजिन हा गाडीचा केवळ एक सुटा भाग नसून त्या काळातील धातुकाम, अभिकल्प व कारागिरी यांचा पुरावा असतो. सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळणाऱ्या गाडीस लिलावात अधिक किंमत येते, त्यामुळे या आग्रहामागे आर्थिक कारणही आहे. याउलट गाडी नित्य चालविणाऱ्यांचे म्हणणे असे की, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नव्या एंजिनाने रस्त्यावर धावणारी गाडी अधिक जिवंत असते. आपण गाडीचे मालक नसून तात्पुरते विश्वस्त आहोत, असे मानणारा तिसरा वर्ग फेरफारास विरोध करीत नाही. पण पत्रा कापू नये, जुन्याच टेकूंवर नवे एंजिन बसवावे आणि काढलेले एंजिन तेल लावून जपून ठेवावे, अशी अपेक्षा बाळगतो. तिन्ही पक्षांत हाच सर्वांत व्यवहार्य म्हणावा लागेल. हाताने घडविलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक आणि पाच लाखांपैकी एक यांना एकच निकष लावणे कठीणच आहे.

मूळ स्वरूपाची कल्पनाही स्थिर नाही. कोब्रा आज अत्यंत मोलाची मानली जाते, आणि एके काळी केवळ फेरफार समजल्या जाणाऱ्या कोस्टेलो यांच्या गाड्या आता अस्सल असल्याची खात्री करून घेतल्या जातात.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तुसंवर्धनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तिच्यात मूळ द्रव्य जपणे, फेरफार ओळखू येईल असा ठेवणे व तो शक्यतो उलटविता येईल असा करणे ही तत्त्वे मांडली आहेत. ब्रिटनमध्ये वाहननोंदणीसाठी अनेक वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत, फार फेरफार केलेल्या गाडीची ओळख टिकण्यासाठी किमान ८ गुण लागत. त्यांत मूळ सांगाड्यास ५, तर एंजिनास केवळ १ गुण होता. संग्राहक ज्यास गाडीचे हृदय मानतो, त्यास शासकीय दृष्टीत एवढेच स्थान होते.

विजेवरील रूपांतर : जॅग्वार कंपनीने २०१७ मध्ये १९६८ च्या ई-टाइप गाडीत २२० किलोवॉटची विद्युत् यंत्रणा बसविली. सहा सिलिंडरी एंजिनाच्या जागी विद्युत् घटमाला बसेल अशी ही रचना होती व गाडीचे वजन मूळच्यापेक्षा ४६ किग्रॅ.ने कमी भरले. मे २०१८ मध्ये ब्रिटिश राजघराण्यातील विवाहप्रसंगी ती वापरण्यात आल्याने या वादास जगभर तोंड फुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲस्टन मार्टिन कंपनीने डीबी-६ गाडीसाठी मूळ एंजिनाच्याच टेकूंवर बसणारी व पुन्हा काढता येणारी विद्युत् पेटिका सादर केली. महासंघाने २०१९ मध्ये, अशा रूपांतरित गाड्या ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाहीत, अशी भूमिका घेतली. तथापि ज्यांना ते करावयाचेच असेल त्यांनी काढलेले भाग खुणा करून सांभाळावेत, असेही सुचविले. पेट्रोल एंजिनाच्या बदलात निदान आवाज, कंप व दंतचक्रे बदलण्याची क्रिया शिल्लक राहते. येथे तीही जात असल्याने एरवी सहिष्णू असलेले चाहतेही विरोधात गेल्याचे दिसते.

भारतातील स्थिती : भारतात एंजिनबदलाची प्रेरणा बहुतांशी वेगाची नसून काटकसरीची होती. पेट्रोलवरील जुन्या जीपगाड्या व ॲम्बॅसडर यांत डिझेल एंजिने बसविण्याचे काम गावोगावच्या गॅरेजांत होत असे. महिंद्र कंपनीनेही १९८० च्या दशकात प्यूजो कंपनीच्या सहकार्याने तयार केलेली डिझेल एंजिने जीपमध्ये दिली. त्यांचा कारखाना नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे उभारण्यात आला. ॲम्बॅसडरचे १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन एमजीबीच्या एंजिनाच्याच कुळातील होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने त्याच्या जोडीस इसुझूचे १.८ लिटरचे एंजिन देऊ केले. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस ‘व्हीए’ हे अक्षरचिन्ह असलेला खास नोंदणी क्रमांक मिळतो. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे व त्याच्या सांगाड्यात, कवचात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनांच्या नित्य वापरासही परवानगी नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इंधन वाचविण्यासाठी डिझेल एंजिन बसविलेल्या अनेक जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे आज मूळ पेट्रोल एंजिन शोधून पुन्हा बसविण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि ती एंजिने बहुधा त्याच काळी भंगारात गेलेली असतात.